औषधी प्रतिपिंडे आणि पेटंटमधला ‘उघडपणा’

एखादी गोष्ट नवी आहे, एवढ्यावर तिला पेटंट मिळत नाही. नवी असूनही ती त्या क्षेत्रातल्या सर्वसाधारण जाणकाराला सहज सुचण्याजोगी असेल, तर कायद्याच्या लेखी ती ‘उघड’ ठरते. मग अर्ज फेटाळला जातो किंवा आधी दिलेले पेटंट रद्द होते. हातच्या काकणाला आरसा लागत नाही, आणि जे सगळ्यांना दिसतेच आहे त्यावर कुणा एकाला वीस वर्षांची मक्तेदारीही देता येत नाही, असे या कसोटीमागचे तत्त्व आहे.

औषधी प्रतिपिंडांना, म्हणजे अँटिबॉडी प्रकारच्या औषधांना, ही कसोटी लावणे फार अवघड जाते. प्रतिपिंड तयार करण्याच्या पद्धती आता पाठ्यपुस्तकांत शिकवल्या जातात. मात्र त्या पद्धतींनी हाती येणाऱ्या प्रतिपिंडाची रचना नेमकी कशी असेल आणि रुग्णाच्या शरीरात ते काय करील, हे आधी सांगता येत नाही. वाट सर्वांना ठाऊक असते, पण ती कुठे पोहोचेल याची खात्री नसते. अशा वेळी वाटेकडे पाहायचे की मुक्कामाकडे, हा अपील न्यायालयांपुढचा प्रश्न आहे. गेल्या काही वर्षांच्या अमेरिकी निकालांतून त्याचे जे उत्तर दिसते ते असे: औषध किती मोठे आहे यावर काहीच ठरत नाही, पेटंटात शब्दशः काय मागितले आहे यावर सारे ठरते.

प्रतिपिंडाचे औषध कसे झाले

प्रतिपिंड हे इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराचे प्रथिन असते. त्यात दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. ‘वाय’च्या दोन्ही हातांच्या टोकाशी बदलता भाग असतो आणि त्यातल्या काही छोट्या वळशांनी प्रतिपिंड आपले लक्ष्य, म्हणजे प्रतिजन, पकडते. जड साखळीवर असे तीन वळसे असतात आणि हलक्या साखळीवर तीन. या सहा वळशांतील अमिनो आम्लांचा क्रम हीच त्या प्रतिपिंडाची ओळख. पेटंटाच्या वादात पुन्हा पुन्हा येतो तो हाच क्रम.

१९७५ मध्ये केंब्रिजच्या प्रयोगशाळेत जॉर्ज कोहलर आणि सेझार मिलस्टीन यांनी प्रतिपिंड बनवणारी पेशी आणि कर्करोगाची अमर पेशी यांचा संकर केला. त्यामुळे एकाच जातीचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळू लागले. १९८४ मध्ये त्यांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रावर पेटंट घेतले गेले नाही, त्यामुळे ते जगभर मुक्तपणे पसरले. १९८६ मध्ये अमेरिकेत पहिले एकजातीय प्रतिपिंड औषध म्हणून मंजूर झाले. ते पूर्णपणे उंदराचे होते, आणि माणसाचे शरीर उंदराच्या प्रथिनाला परके मानून त्याच्याविरुद्धच प्रतिपिंडे बनवत असे.

त्यावरचा उपाय टप्प्याटप्प्याने सापडला. आधी उंदराचा बदलता भाग माणसाच्या प्रतिपिंडाला जोडण्यात आला. १९८६ मध्ये ग्रेग विंटर यांच्या गटाने फक्त ते वळसे उंदराकडून घेऊन बाकी सारे माणसाचे ठेवले. याला मानवीकरण म्हणतात. कॅरी क्वीन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये त्यात सुधारणा केली: वळशांना आधार देणारी उंदराची मोजकी अमिनो आम्लेही राखली, तर पकड सैल पडत नाही. पुढे पूर्ण मानवी प्रतिपिंडे आली. २००२ मध्ये मंजूर झालेले अडालिमुमॅब (ह्युमिरा) हे त्यांतले गाजलेले नाव.

या इतिहासाला पेटंट कायद्यात थेट किंमत आहे. उघडपणा आजच्या नजरेने मोजत नाहीत, अर्जाच्या तारखेला जगाला काय माहीत होते त्यावर मोजतात. उंदराचे प्रतिपिंड मानवी करून दाखवणे हा १९८६ मध्ये पराक्रम होता. २००५ पर्यंत ते नित्याचे काम झाले होते. तीच कृती वीस वर्षांत कल्पकतेच्या यादीतून कारागिरीच्या यादीत गेली.

कसोटीची घडण

अमेरिकेत या कसोटीची सुरुवात दरवाजाच्या मुठीपासून झाली. लाकडाच्या किंवा धातूच्या जागी चिनी मातीची मूठ बसवली म्हणून पेटंट मिळणार नाही, ते साध्या कारागिराचे काम आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८५१ मध्ये ठरवले. १९५२ च्या पेटंट कायद्याने ही कसोटी कलम १०३ मध्ये लिहून काढली. १९६६ मध्ये नांगराच्या फाळाच्या जोडणीवरून झालेल्या ‘ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर’ खटल्यात तिचे चार भाग पडले. आधी प्रसिद्ध असलेली माहिती कोणती होती? ती माहिती आणि दावा यांत फरक काय? त्या क्षेत्रातल्या जाणकाराची पातळी कोणती? आणि बाजारातले यश, दीर्घकाळची अपुरी गरज, इतरांचे अपयश यांसारखे भोवतालचे पुरावे काय सांगतात?

२००७ मध्ये मोटारीच्या ॲक्सिलरेटर पेडलवरून ‘केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स’ हा निकाल आला. जाणकार हा यंत्रमानव नसतो, त्याच्याकडे साधारण कल्पकता असते, असे न्यायालयाने बजावले. पर्याय मोजके, ओळखीचे आणि अंदाज करता येण्याजोगे असतील, तर त्यांतला एखादा करून पाहणे उघडच असू शकते. त्यानंतर दोन वर्षांनी, ‘कुबिन’ प्रकरणात, पेटंटांवरची अपिले ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयाने हा विचार जीवतंत्रज्ञानाला लावला. एक ज्ञात प्रथिन, त्याला पकडणारे बाजारात मिळणारे प्रतिपिंड आणि जनुक वेगळे करण्याची प्रचलित पद्धत हाताशी होती. त्यावरून त्या प्रथिनाचे जनुक मिळवणे उघड होते, असे न्यायालयाने ठरवले. जीवशास्त्र अनिश्चित असते, एवढे सांगून सुटका होणार नाही, हे त्यातून स्पष्ट झाले.

औषधांच्या खटल्यांत ही कसोटी प्रत्यक्षात दोन प्रश्नांवर येऊन थांबते. पहिला प्रेरणेचा: आधीची माहिती एकत्र जोडून हे करून पाहावे, असे जाणकाराला वाटले असते का? दुसरा यशाच्या वाजवी अपेक्षेचा: ते साधेल अशी रास्त अपेक्षा त्याला धरता आली असती का? पूर्ण खात्री लागत नाही, पण नुसती आशाही पुरत नाही. या दोन्ही प्रश्नांना उत्तर देताना मागाहून सुचलेले शहाणपण टाळावे लागते, कारण उत्तर कळल्यावर कोडे नेहमीच सोपे वाटते.

अपिलाची चौकट

२०११ च्या कायद्याने अमेरिकेत पेटंटाला आव्हान देण्याची नवी वाट उघडली आणि सप्टेंबर २०१२ पासून ती सुरू झाली. तिला ‘इंटर पार्टेस रिव्ह्यू’ म्हणतात. पेटंट कार्यालयातील पेटंट ट्रायल अँड अपील बोर्डापुढे ती चालते. न्यायालयात पेटंट रद्द करून घ्यायचे तर स्पष्ट आणि खात्रीलायक पुरावा द्यावा लागतो. बोर्डापुढे पुराव्याचे पारडे जरा जरी झुकले तरी पुरते. त्यामुळे प्रतिपिंडांवरचे पुष्कळ वाद इकडे वळले.

बोर्डाच्या निर्णयावरचे अपील वॉशिंग्टनच्या फेडरल सर्किट न्यायालयात जाते. उघडपणा हा अखेर कायद्याचा प्रश्न असल्याने त्याचा निष्कर्ष हे न्यायालय स्वतः नव्याने तपासते. पण तो निष्कर्ष ज्या तथ्यांवर उभा असतो, म्हणजे शोधनिबंधात काय सांगितले होते, जाणकाराला प्रेरणा होती का, यशाची अपेक्षा होती का, ती तथ्ये बोर्डाने ठरवलेली असतात. त्यांना नोंदीत पुरेसा आधार आहे का, एवढेच न्यायालय पाहते. एकाच पुराव्यावरून दोन रास्त निष्कर्ष निघत असतील, तर बोर्डाने निवडलेला निष्कर्ष टिकतो. त्यामुळे प्रतिपिंडाच्या खटल्यात खरी लढाई बहुधा खालीच होते, आणि अपिलात दाव्याचा अर्थ किंवा कायद्याचा नियम चुकला असे दाखवता आले तरच पारडे फिरते.

आणखी एक अडसर आहे. बोर्डाकडे कोणीही अर्ज करू शकतो, पण न्यायालयात अपील करणाऱ्याला स्वतःचे प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. स्तनाच्या कर्करोगावरील कॅडसिला या औषधाशी संबंधित पेटंटाला फिजेनिक्स कंपनीने आव्हान दिले होते. बोर्डापुढे ती हरली. पुढे २०१७ मध्ये तिचे अपील गुणदोषांवर ऐकलेच गेले नाही, कारण तिला असे नुकसान दाखवता आले नाही.

एकच लक्ष्य, दोन निकाल

उघडपणाचे सगळे पदर एकत्र दिसतात ते टेवा आणि एली लिली या कंपन्यांच्या वादात. विषय होता मायग्रेन, म्हणजे अर्धशिशीच्या जातीची तीव्र डोकेदुखी. सीजीआरपी हा ३७ अमिनो आम्लांचा छोटा पेप्टाइड मज्जातंतूंतून बाहेर पडतो आणि रक्तवाहिन्या रुंदावतो. मायग्रेनच्या झटक्यात डोक्याकडून परतणाऱ्या रक्तात त्याचे प्रमाण वाढलेले दिसते, असे १९९० मध्ये पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी नोंदवले. पुढे या पेप्टाइडला अडवणारी प्रतिपिंडे औषध म्हणून आली. टेवाचे अजोवी आणि लिलीचे एमगॅलिटी, दोन्ही सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली.

टेवाकडे २००५ च्या मूळ अर्जावर आधारलेली पेटंटे होती. त्यांतल्या नऊ पेटंटांना लिलीने बोर्डापुढे आव्हान दिले. सहा पेटंटांत खुद्द प्रतिपिंडावर दावा होता: सीजीआरपीला अडवणारे मानवीकृत प्रतिपिंड. उरलेल्या तिन्हींत अशा प्रतिपिंडाने मायग्रेनसारख्या विकारावर उपचार करण्याच्या पद्धतीवर दावा होता. बोर्डाने सहा पेटंटे उघड ठरवली आणि तीन राखली. दोन्ही बाजू अपिलात गेल्या. १६ ऑगस्ट २०२१ रोजी फेडरल सर्किटने दोन्हीकडचे निर्णय कायम केले. दोन्ही मुख्य निकालपत्रे न्यायमूर्ती ॲलन लुरी यांनी लिहिली.

आधी प्रसिद्ध झालेल्या माहितीत १९९५ चा एक प्रयोग कळीचा होता. टॅन आणि सहकाऱ्यांनी रॅट जातीच्या उंदरांवर सीजीआरपीविरोधी प्रतिपिंड वापरून पाहिले होते. बाहेरून टोचलेल्या सीजीआरपीमुळे रक्तदाब उतरतो. तो उतार पूर्ण आकाराच्या प्रतिपिंडाने रोखला. पण उंदराच्या पायातला मज्जातंतू उत्तेजित करून शरीराचाच सीजीआरपी बाहेर पडू दिला, तेव्हा त्वचेतली वाढलेली रक्तधारा पूर्ण प्रतिपिंडाने थांबवली नाही. प्रतिपिंडाचा एक छोटा तुकडा मात्र तिथे यशस्वी झाला. मोठा रेणू मज्जातंतूच्या टोकाशी असलेल्या चिंचोळ्या फटीत वेळेत पोहोचत नसावा, मात्रा आणि वेळ वाढवली तर पोहोचेल, असे संशोधकांनी सुचवले होते. दुसरा लेख विमलवन्सा यांचा १९९६ चा आढावा. सीजीआरपीला अडवणारी मानवीकृत प्रतिपिंडे औषध म्हणून तपासून पाहावीत, असे त्यात म्हटले होते. तिसरे कागदपत्र क्वीन यांचे मानवीकरणावरील पेटंट.

या तिन्हींवरून प्रतिपिंडावरचा दावा उघड ठरला. उंदराचे प्रतिपिंड हाती होते, मानवीकरण करून पाहण्याची सूचना छापलेली होती आणि ते करण्याची रीतही. सीजीआरपी अडवला तर रक्तदाब किंवा हृदयावर वाईट परिणाम होतील, या भीतीने जाणकार मागे सरला असता, असा टेवाचा युक्तिवाद होता. त्यावर बोर्डाचे आणि न्यायालयाचे उत्तर दाव्याच्या शब्दांतून आले. दाव्यात प्रतिपिंड मागितले होते; ते रुग्णावर सुरक्षित आणि गुणकारी ठरलेच पाहिजे, अशी अट त्यात नव्हती. पुढील अभ्यासासाठी ते तयार करण्याची प्रेरणा जाणकाराला होती, एवढे पुरेसे होते.

उपचारपद्धतीच्या दाव्याला मात्र ‘उपचार करणे’ हा शब्द जोडलेला होता. लिलीचे म्हणणे असे की तो शब्द केवळ प्रस्तावनेचा आहे. न्यायालयाने ते मानले नाही. उपचाराचा हेतू हा दाव्याचा खरा भाग आहे, असे ठरवले. तो भाग धरला की प्रश्नच बदलतो: पूर्ण आकाराच्या प्रतिपिंडाने मायग्रेन बरा होईल, अशी वाजवी अपेक्षा २००५ मध्ये होती का? २००४ मध्ये एका छोट्या रेणूने मायग्रेनच्या झटक्यात आराम मिळाल्याचे प्रसिद्ध झाले होते. पण तो रेणू सीजीआरपीला नव्हे, त्याच्या ग्राहीला बांधला जात होता, आणि आकाराने प्रतिपिंडाच्या तुलनेत अगदीच लहान होता. सीजीआरपी डोक्यात नेमके कुठे काम करतो, मेंदूच्या आत की बाहेर, यावर तज्ज्ञांत मतभेद होते. पूर्ण प्रतिपिंड रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत सहज ओलांडत नाही. टॅन यांचा प्रयोगही इथे उलट बोलू लागला: उंदराच्या पायातच जे वेळेत पोहोचले नाही, ते माणसाच्या डोक्यात पोहोचेल हे कशावरून? अपेक्षा सिद्ध झाली नाही आणि तिन्ही पेटंटे टिकली.

एकच शोधनिबंध एका दाव्याविरुद्ध पुरावा ठरला आणि दुसऱ्या दाव्याच्या बाजूने उभा राहिला. यात विसंगती नाही. प्रतिपिंड बनवणे आणि त्याने माणूस बरा करणे ही दोन वेगळी पावले आहेत. पहिले उघड असताना दुसरे उघड असेलच असे नाही.

‘मानवी’ या एका शब्दाचे वजन

दाव्याच्या शब्दाचा अर्थ जितका रुंद, तितकी जास्त जुनी माहिती त्याच्या कक्षेत येते. २०२० मधला ‘इम्युनेक्स विरुद्ध सनोफी’ हा निकाल त्याचे उदाहरण आहे. दमा आणि त्वचाविकारांत भाग घेणाऱ्या आयएल-४ ग्राहीला बांधणाऱ्या ‘मानवी प्रतिपिंडा’वर इम्युनेक्सचे पेटंट होते. आधीच्या साहित्यात तशाच गुणांचे उंदराचे प्रतिपिंड होते, आणि उंदराची प्रतिपिंडे मानवीकृत करण्याची पद्धतही प्रसिद्ध होती. ‘मानवी’ म्हणजे फक्त पूर्ण मानवी असा अर्थ घेतला, तर पेटंट वाचण्याची शक्यता होती. पण पेटंटाच्याच वर्णनात अंशतः मानवी प्रतिपिंडांनाही ‘मानवी’ म्हटले होते. न्यायालयाने तोच रुंद अर्थ घेतला आणि दावा उघड ठरला. स्पर्धकाला रोखण्यासाठी रुंद ठेवलेला शब्द पेटंटधारकावरच उलटला.

मात्रा आणि तापमान

रेणू जुना झाल्यावर कंपन्या त्याची मात्रा, वेळापत्रक आणि निर्मितीच्या रीती यांवर पेटंटे घेतात. तिथे उघडपणाची कसोटी अधिक कडक लागते, कारण आधीची माहिती दाव्याच्या अगदी दाराशी आलेली असते.

ह्युमिराचे ४० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली देण्याचे पेटंट हे याचे ठळक उदाहरण. आधी प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संधिवाताच्या रुग्णांना २०, ४० आणि ८० मिलिग्रॅमच्या ठरावीक मात्रा दर आठवड्याला त्वचेखाली दिल्या होत्या. त्याच सुमाराच्या दुसऱ्या लेखात हेच प्रतिपिंड दोन आठवड्यांच्या अंतराने शिरेतून दिले होते. दोन्ही लेख शेजारी ठेवले की दाव्यात उरतो तो अंतराचा आणि मात्रेचा मेळ, आणि असा मेळ घालणे हे डॉक्टरांचे आणि औषधशास्त्रज्ञांचे नेहमीचे काम आहे. बोर्डाने २०१७ मध्ये ते पेटंट उघड ठरवले आणि २०२० मध्ये अपिलात तो निर्णय टिकला.

निर्मितीच्या रीतीचे उदाहरण त्याहून बारीक आहे. प्रतिपिंड शुद्ध करताना मिश्रण ‘प्रोटीन ए’ लावलेल्या स्तंभातून सोडतात. प्रतिपिंड त्या प्रथिनाला चिकटते आणि बाकीचे वाहून जाते. पण थोडे प्रोटीन ए सुटून औषधात मिसळते. मिश्रण थंड ठेवले तर ही गळती कमी होते. जेनेन्टेकने सुमारे १० ते १८ अंश सेल्सिअस तापमानावर दावा केला. जुन्या कागदपत्रात हीच क्रिया ‘खोलीच्या तापमानाला’, म्हणजे १८ ते २५ अंशांना, करायला सांगितली होती. दोन पट्टे १८ अंशांपाशी एकमेकांना टेकत होते. २०२० च्या ‘जेनेन्टेक विरुद्ध हॉस्पिरा’ निकालात बहुमताने हे दावे आधीच प्रकट झालेले आणि उघडही मानले, कारण तापमान कमी-जास्त करून पाहणे हा शुद्धीकरणातला रोजचा प्रयोग आहे. न्यायमूर्ती पॉलीन न्यूमन यांनी भिन्न मत नोंदवले. एका अंशाच्या टेकण्यावर पेटंट जावे का, यावर न्यायाधीशांमध्येच एकमत झाले नाही.

यशाची साक्ष

औषध बाजारात गाजले, प्रतिस्पर्ध्यांनी परवाने घेतले, वर्षानुवर्षे कोणाला जमले नव्हते ते जमले, हे पुरावे मागाहूनच्या शहाणपणावरचा उतारा म्हणून तपासले जातात. मात्र त्या यशाचा दाव्याशी थेट संबंध दाखवावा लागतो. सायकलच्या दातेरी चकतीवरून झालेल्या २०१९ च्या ‘फॉक्स फॅक्टरी’ निकालाने हा नियम घट्ट केला: विकली जाणारी वस्तू आणि दावा यांची व्याप्ती जवळपास सारखी असेल, तरच तो संबंध आपोआप गृहीत धरता येतो.

टेवाला हा नियम भारी पडला. तिच्या रुंद दाव्यात सीजीआरपीला अडवणारी असंख्य मानवीकृत प्रतिपिंडे येत होती. अजोवी आणि एमगॅलिटी ही त्यांतली दोनच. त्यांची प्रभावी पकड ज्या खास रचनेमुळे होती, ती रचना दाव्यात लिहिलेलीच नव्हती. म्हणून औषधांचे यश दाव्याच्या खात्यावर जमा झाले नाही.

कॅडसिलाच्या बाबतीत उलट झाले. त्यात ट्रास्टुझुमॅब या प्रतिपिंडाला मेटॅन्सिनॉइड हे जहाल विष जोडलेले असते. प्रतिपिंड आणि विष दोन्ही ज्ञात होते, आणि उंदराच्या प्रतिपिंडाला असे विष जोडल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्धही झाले होते. तरी हे संयुग रुग्णाच्या निरोगी यकृतालाही इजा करील, अशी भीती त्या काळी रास्त होती, आणि प्रत्यक्षात निष्पन्न झालेले गुण अनपेक्षित होते. दावा नेमक्या संयुगावर होता, म्हणून यशाची साक्ष त्याला लागू पडली आणि बोर्डाने पेटंट राखले.

रुंद दाव्याची दुसरी बाजू

उघडपणा टाळायचा तर दावा अरुंद करावा, नेमक्या सहा वळशांचा क्रम लिहावा. असा क्रम जुन्या माहितीवरून आधी ओळखता येत नसल्याने अमेरिकेत तो सहसा उघड ठरत नाही. पण मग प्रतिस्पर्धी थोडा वेगळा क्रम वापरून निसटतो. त्याला अडवण्यासाठी दावा कार्याच्या भाषेत लिहिला, तर दुसरे संकट उभे राहते. १८ मे २०२३ रोजी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ‘ॲमजेन विरुद्ध सनोफी’ खटल्यात एकमताने ते दाखवले. कोलेस्टेरॉलशी निगडित पीसीएसके९ प्रथिनाला ठरावीक जागी बांधून अडवणाऱ्या सगळ्याच प्रतिपिंडांवर ॲमजेनचा दावा होता. क्रमांसह वर्णन होते २६ प्रतिपिंडांचे. बाकीची कशी बनवायची हे पुरेसे शिकवलेले नाही, म्हणून दावे रद्द झाले. इतरांना हे सहज करता येत होते असे म्हटले, तर दावा उघड ठरण्याची भीती. ते अवघड होते असे म्हटले, तर वर्णन अपुरे ठरण्याची. प्रतिपिंडाचे पेटंट लिहिणारा या दोन भिंतींमधल्या बोळातून चालतो.

टेवाची वाचलेली उपचार-पेटंटेही या बोळातच पुन्हा अडकली. २०२२ मध्ये ज्यूरीने त्यांच्या आधारे लिलीविरुद्ध १७ कोटी ६५ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. पुढच्याच वर्षी बॉस्टनच्या न्यायाधीशांनी वर्णन अपुरे असल्याच्या कारणावरून तो निकाल बाजूला ठेवला आणि वाद पुन्हा अपिलात गेला.

युरोपची वेगळी वाट

युरोपीय पेटंट कार्यालय उघडपणा वेगळ्या क्रमाने तपासते. सर्वांत जवळची जुनी माहिती घ्यायची, तिच्यापेक्षा दाव्याने कोणती तांत्रिक समस्या सोडवली ते ठरवायचे, आणि मग ते उत्तर जाणकाराला उघड होते का ते पाहायचे. कार्यालयाच्या परीक्षण-मार्गदर्शिकेत २०२१ पासून प्रतिपिंडांवर स्वतंत्र भाग आहे. ज्ञात प्रतिजनाला बांधणारे आणखी एक प्रतिपिंड केवळ क्रम वेगळा म्हणून कल्पक ठरत नाही. प्रचलित तंत्रांनी दुसरे प्रतिपिंड मिळवणे हे जाणकाराचे नित्याचे काम आहे, मग त्याचा नेमका क्रम आधी सांगता येत नसला तरी चालेल. अधिक घट्ट पकड, कमी विषारीपणा असा काही अनपेक्षित तांत्रिक परिणाम दाखवला, किंवा प्रतिपिंड बनवतानाच मोठी अडचण ओलांडली असेल, तर मात्र पेटंट मिळू शकते. म्हणजे अमेरिकेत क्रमाचे वेगळेपण दाव्याला सहसा वाचवते, युरोपात त्यासोबत परिणामही लागतो. त्या परिणामाचा पुरावा अर्जानंतरच्या प्रयोगांतून कितपत आणता येईल, याचे निकष तिथल्या विस्तारित अपील मंडळाने मार्च २०२३ मध्ये घालून दिले.

भारतातील चौकट

भारतात या कसोटीचा पाया सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये घातला. ‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज’ हा वाद लेथवर भांडी धरून ठेवण्याच्या साधनाचा होता. कारखान्यातली किरकोळ सुधारणा पेटंटाला पुरत नाही, तिच्यात कल्पक पाऊल असले पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले. १९७० च्या कायद्याचे कलम २(१)(जेए) आता तीच अपेक्षा ठेवते: ज्ञात माहितीच्या पुढे तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व असावे, आणि जाणकाराला ते उघड नसावे. १ जानेवारी २००५ पासून औषधी उत्पादनांना पेटंट मिळू लागल्यावर हे कलम प्रतिपिंडांनाही लागू झाले.

बौद्धिक संपदा अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यापासून पेटंट कार्यालयाच्या निर्णयांवरची अपिले उच्च न्यायालयांत जातात. मुंबई कार्यालयाचा आदेश असेल तर दाद मुंबई उच्च न्यायालयात मागावी लागते. या अपिलांमुळे आदेशांच्या लेखनालाही शिस्त आली. ‘ॲग्रीबोर्ड’ प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले की उघड म्हणून अर्ज फेटाळताना जुनी माहिती कोणती, शोध कोणता आणि त्या माहितीवरून हा शोध जाणकाराला कसा उघड होता, या तिन्हींची चर्चा आदेशात हवी. नुसते ‘उघड आहे’ असे लिहून भागत नाही.

प्रतिपिंडांच्या बाबतीत भारताचा मोठा वेगळेपणा कलम ३(आय) मध्ये आहे. माणसावर उपचार करण्याच्या पद्धतीला इथे पेटंटच मिळत नाही. युरोपातही उपचारपद्धतीला पेटंट नाही, पण ज्ञात पदार्थाच्या नव्या औषधी उपयोगावर वेगळ्या शब्दांत दावा करता येतो. टेवाची जी तीन पेटंटे अमेरिकेत उघडपणाच्या कसोटीतून वाचली, त्या प्रकारचा दावा भारतात त्या कसोटीपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे सगळा भार प्रतिपिंडावरच्या दाव्यावर येतो, आणि ते प्रतिपिंड जुन्या माहितीच्या नेमके किती पुढे आहे, हे त्याच्या रचनेतून आणि गुणांतून दाखवावे लागते.